दर्या बंद, किल्ले चालू

पावसाळ्यात किल्ले बघायला जाऊ नये असं सांगणाऱ्यांत माझी आई आहे, नवरा आहे, ऑफिसातले ट्रेकवाले आहेत आणि शेजारच्या वहिनीही आहेत. चुकीचं कुणीच सांगत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तटावर हात टेकावा तर चिरा सुटून हातात येतो, गवतात पाय कशावर पडेल याचा भरवसा नाही. पाण्यातल्या किल्ल्यांच्या होड्या तर मे संपता संपता बंदच होतात. मग सिंधुदुर्ग मालवणच्या धक्क्यावरून बघायचा आणि सुवर्णदुर्ग हर्णैच्या किनाऱ्यावरून, तोही मधे सर आली नाही तर.

तरी मला पावसातलेच किल्ले बघायचे होते. घाटमाथ्यावरच्या गडांच्या गोष्टींत पाऊस असतो. पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडे निघाले ती रात्र ऐन पावसातली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. समुद्रकाठच्या किल्ल्यांच्या गोष्टी मात्र कोरड्याठाक. सिंधुदुर्गाचा पाया घातला नोव्हेंबर १६६४ मध्ये. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले ते डिसेंबर १७२१ मध्ये. सुवर्णदुर्ग पडला एप्रिल १७५५ मध्ये, विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये. पेशव्यांच्या आरमाराच्या आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं तोही एप्रिलच, १७८३ चा. खांदेरी हा एखादा अपवाद. तिथे १६७९ मध्ये महाराजांनी पावसाचं शेपूट पकडून बेटावर माणसं उतरवली आणि पुढे इंग्रजांची झोप उडवली. बाकी जून ते ऑगस्ट पान कोरं. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथल्या किल्ल्यांच्या इतिहासात पाऊसच नाही, हे मला कधी पटलं नाही. लढाई नव्हती, कबूल. पण मग ते चार महिने किल्ला करत काय होता?

हे सगळं मी घरी बोलत होते तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. आख्खी नोकरी एसटीत, ड्रायव्हर म्हणून, रत्नागिरी डेपोला. पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग या त्यांच्या नेहमीच्या फेऱ्या. वाटेवरच्या प्रत्येक किल्ल्याच्या अंगाखालून त्यांनी गाडी नेलीय आणि एकाही किल्ल्यात ते गेलेले नाहीत. कारण विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. “फेरी करायची की किल्ले बघायचे? विजयदुर्गाला वस्तीची गाडी असायची. रात्री पोचायचं, पाठ टेकायची, उजाडायच्या आत गाडी काढायची. अंधारात काय किल्ला बघणार?”

पेपर न हलवता ते म्हणाले, “जायचं असेल तर मी येतो. पावसात गाडी तू नको चालवू. तुझ्या त्या मोबाइलला पऱ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं कळत नाय.”

आम्ही निघालो तो श्रावणातला सोमवार होता. नारळीपौर्णिमा होऊन गेली होती, म्हणजे रीतीप्रमाणे दर्या खुला. प्रत्यक्षात बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलेला. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापाशी उभं राहिलो तर समोरच्या टेकाडावरचं दीपगृह धुक्यात निम्मं गायब, आणि खाली मिरकरवाड्याच्या जेटीत होड्या इतक्या दाटीनं लागलेल्या की मधलं पाणी दिसेना. रत्नदुर्गाबद्दल मी फार काही लिहीत नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराचा देखणा किल्ला आहे, पण तो रत्नागिरीकरांचा संध्याकाळी फिरायला जायचा किल्ला. अण्णांनी देवीला हात जोडले, गाभाऱ्यात जाऊन फूल घेऊन आले आणि म्हणाले, “हा झाला. चल.”

भाट्याचा पूल ओलांडला की रस्ता चढून सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, येतो. गोळपच्या सड्यावर पावसाळ्यात गाडी चालवणं म्हणजे अंदाजाचं काम. दोन्ही बाजूंना आंबराईचे गडगे, मधे कातळ, कातळावर वीतभर हिरवं गवत आणि सगळ्यावर ढग उतरलेला. समोरून येणारी गाडी दिव्यांच्या आधी हॉर्ननं कळते. काचेवर आतून वाफ धरत होती. मी एसीची बटणं दाबत बसले, अण्णांनी माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली केली आणि वाफ गेली. “वारा नैऋत्येचा आहे. उजवीकडची उघडली तर भिजू,” एवढंच बोलले. त्यांच्या या वाक्याचा उपयोग मला पुढे विजयदुर्गात झाला.

पूर्णगड लहान आहे. इतका लहान, की उन्हाळ्यात आलेले लोक पंधरा मिनिटांत तटावरून चक्कर मारून, फोटो काढून, ‘बस एवढाच?’ म्हणत उतरतात. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे एका टेकडीवर तो बसलाय. गावातून वर गेलं की दाराशी मारुती, मग दरवाजा, आत मोकळी जागा आणि पश्चिमेला समुद्राकडे उघडणारं दुसरं दार. आम्ही पोचलो तेव्हा सर जोरात होती. दरवाजाच्या कमानीखाली थांबलो. तिथे गवताचा भारा घेऊन एक बाई आधीच उभी होती, डोक्यावरून प्लास्टिकची खोळ. आमच्याकडे बघून हसली. “किल्ला बघायला आलात? पावसात?” मग स्वतःच समजूत काढल्यागत म्हणाली, “बघा बघा. आता कोण नसतं. रविवारी नुसती गर्दी.”

कमानीखाली थांबण्यापलीकडे काम नव्हतं, म्हणून मी भिंत बघत बसले. जांभा आपण रोज बघतो. घराचे चिरे त्याचेच, गडगे त्याचेच, विहिरीची बांधणीही त्याचीच. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो, हेही ठाऊक होतं. पण पावसात एक चिरा जवळून, नाक लावून बघितला नव्हता. त्याच्या प्रत्येक भोकात पाण्याचा एकेक थेंब बसलेला. वरचा थेंब भरला की घरंगळून खालच्या भोकात, तिथून पुढच्या. दोन चिऱ्यांच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, गढूळ नव्हे, स्वच्छ. तटाच्या आतल्या भरावात मुरलेलं पाणी असं सगळ्या अंगानं बाहेर पडत होतं. कोकणात घर बांधलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. भिंत पाण्यानं पडत नाही, अडलेल्या पाण्यानं पडते. जुन्या तटाला श्वास घ्यायला सांधे आहेत. त्यावर कुणी सिमेंटचा लेप मारला की पाणी आत कोंडतं, भराव फुगतो आणि एखाद्या आषाढात बुरूज पोटातून फुटतो. दुरुस्ती चुन्यातच करावी असं जाणकार कानीकपाळी ओरडतात ते सौंदर्यासाठी नव्हे. आणि दुसरा शत्रू पिंपळ. सांध्यात रुजलेलं बोटभर रोप दिसायला गोड असतं, पण चार पावसांत त्याचं मूळ चिरा उचलतं. पूर्वी ही रोपं काढायला किल्ल्यावर माणसं होती. आता आपण त्यांचे फोटो काढतो.

पाण्यावरून आठवलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचं प्रकरण आहे, ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात किल्ल्याची जागा निवडताना आधी पाणी बघा असं बजावलंय. पाणी नसेल आणि किल्ला तर बांधायचाच असेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी करा आणि ती पुढच्या पावसापर्यंत सगळ्या गडाला पुरतील अशी बांधा. गडावर झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नका, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असंही त्यात आहे. तोफेने झरा खरंच आटतो का हे भूगर्भवाल्यांनी सांगावं. मला त्यातला हिशोब आवडतो. किल्ल्याचं वर्ष पावसाला सुरू होऊन पावसाला संपतं. टाकं भरलं की किल्ला आठ महिने जगला. म्हणजे आपण ज्याला बंद हंगाम म्हणतो तो किल्ल्याच्या दृष्टीनं भरणीचा हंगाम.

समुद्राकडच्या दारातून खाली डोकावलो तर मुचकुंदीचं तांबडं पाणी समुद्रात घुसत होतं आणि बऱ्याच आतपर्यंत आपला रंग राखून होतं. पलीकडे गावखडीचं सुरूबन.

खाडीवरचा पूल ओलांडताना अण्णांनी गाडी हळू केली. पूल व्हायच्या आधी त्यांची गाडी अलीकडेच थांबायची. माणसं, कोंबड्या, बाजाराच्या पिशव्या तरीतून पलीकडे, आणि पावसात तर बंद पडली की लग्नाचं वऱ्हाडसुद्धा काठावर बसून. “आता दोन मिनिटांत पलीकडे,” ते म्हणाले, तक्रार की कौतुक ते कळलं नाही. पण त्यांच्या बोलण्यामुळे माझ्या डोक्यात नकाशा नीट बसला. या रस्त्याला सागरी महामार्ग म्हणतात, पण समुद्र त्यातून तुरळकच दिसतो. दिसतात त्या खाड्या. भाट्याची, मुचकुंदीची, जैतापूरची, वाघोटणची. प्रत्येक खाडीच्या तोंडाला किल्ला आणि प्रत्येक खाडीच्या पोटात, भरती पोचते तिथवर, जुनी पेठ. मुचकुंदीवर साटवली, जैतापूरच्या खाडीवर राजापूर, वाघोटणवर खारेपाटण. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर तिथे उतरायचा, गलबतात चढायचा आणि तोंडाशी बसलेल्या किल्ल्याच्या नजरेखालून बाहेर पडायचा. किल्ला समुद्राकडे तोंड करून उभा दिसतो, पण त्याचं निम्मं लक्ष पाठीमागे असतं.

कशेळीच्या कातळावर हत्तीचं प्रचंड मोठं शिल्प कोरलेलं आहे, ते बघायचं राहिलं. कातळावर घोट्याएवढं पाणी होतं. आडिवऱ्याला महाकालीपुढे गाडी थांबवून अण्णांनी राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, मी वडापाव. नाट्याच्या यशवंतगडाशी मात्र आमचं फाटलं. बाहेरून बुरूज दिसत होता, झाडांनी वेढलेला, आणि मी पँट दुमडून निघाले होते. अण्णांनी गाडीचं दार उघडलंच नाही. “कमरेएवढं गवत आहे आणि जांभ्याची पडझड. फुरशाचं घर ते. तुला उचलून रत्नागिरीला न्यायला मला पाच नद्या ओलांडायला लागतील.” फुरसं, म्हणजे इथला जहरी साप, हा शब्द रत्नागिरीच्या माणसापुढे उच्चारला की वाद संपतो. मी पँट खाली केली.

तेवढ्यात राजापूरहून दिराचा फोन. जवाहर चौकात पाणी भरायला लागलं होतं. हे दर पावसाळ्याचं. अर्जुना आणि कोदवली दोन्ही फुगल्या की राजापूरची बाजारपेठ पाण्यात, आणि दुकानदार निमूट माल माळ्यावर चढवतात. याच पेठेत सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार थाटली होती. तिथल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफा पुरवल्या, तेव्हा महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर गाठून वखार लुटली आणि वखारवाल्यांना कैदेत टाकलं. त्या वखारीच्या वह्यांत गोदामात पाणी शिरल्याची एखादी नोंद असेल का, असं उगाच मनात आलं. “परतीची काळजी आता नको,” अण्णा म्हणाले. “आधी पुढे जाऊ. ओहोटी लागली की उतरेल पाणी.”

जैतापूरचा पूल, मग पुन्हा सडा, मग वाघोटणची खाडी. गिर्ये आलं तेव्हा दुपार कलली होती. श्रावणी सोमवार आणि रामेश्वराच्या दारावरून न थांबता पुढे जाणं अण्णांना शक्यच नव्हतं. या देवळाची वाट कातळ फोडून केलेली आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या उभ्या कडा, त्यांवर नेचे आणि तेरडा, आणि पायाखालून वाहणारं पाणी. आवारात संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. कान्होजींचा हा मुलगा त्याचा भाऊ तुळाजी याच्या आधी विजयदुर्गाचा धनी होता. अभिषेकाला आलेल्या माणसांनी ओल्या छत्र्या समाधीच्या आसपास टेकवून ठेवल्या होत्या. मला आधी खटकलं, मग नाही खटकलं. दर्यावर्दी माणूस, पाण्याचं त्याला काय.

आणि विजयदुर्ग.

एसटी स्टँडपासून किल्ला चालत हाकेच्या अंतरावर आहे. अण्णा स्टँडकडे बघत राहिले, तिथल्या कंट्रोलरशी दोन शब्द बोलून आले, चेहरा खुललेला. मग किल्ल्याच्या वाटेला लागलो. आधी मारुती, मग वळणात दडलेला दरवाजा. बाहेरून येणाऱ्याला दार दिसूच नये अशी ती गोमुखी रचना, हे सगळ्या पुस्तकांत असतं. शत्रूला हत्ती किंवा ओंडका घेऊन धाव घेता येऊ नये म्हणून. अण्णा आत शिरले आणि देवडीत जाऊन बसले. छत्री मिटली, टोपी काढली, हाताने फरशी चाचपली. “कोरडी आहे,” म्हणाले.

खरंच कोरडी होती. बाहेर आडवा पाऊस, वाऱ्याने छत्र्या उलट्या होत होत्या आणि पहारेकऱ्यांच्या त्या देवडीत एक थेंब नव्हता. दार जमिनीच्या अंगाला, तोंड फिरवलेलं, पुढे बुरुजाची आड. नैऋत्येचा पाऊस यायला वाटच नाही. शत्रूसाठी घेतलेल्या वळणाने पाऊसही बाहेर राहिला. की पावसासाठीही घेतलं होतं? बांधणारे इथलेच गवंडी. शिलाहारांच्या काळापासून या जागेवर किल्ला आहे, नंतर आदिलशाही, मग महाराजांनी तो घेतला आणि वाढवला, तिहेरी तट घातला. खिडकी कुठल्या बाजूची उघडायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चार महिने ज्यांना त्या देवडीत भाला धरून बसायचं होतं, त्यांच्या दृष्टीनं शत्रू वर्षातून एखादा, पाऊस रोजचा.

तटावर चढलो. पायऱ्या निसरड्या, अण्णा माझ्यापेक्षा सराईत. कडेने, पाय आडवे टाकत. पश्चिमेला समुद्र म्हणजे नुसता करडा गोंधळ. लाट तटाच्या पायावर आपटली की आवाज आधी पायात यायचा, मग कानात. आणि मग तट वळून खाडीच्या बाजूला आलो आणि बघतच राहिलो.

खाडी शांत होती. तटाच्या एका अंगाला समुद्र उसळतोय आणि दुसऱ्या अंगाला पाणी जेमतेम हलतंय. त्या पाण्यात ट्रॉलर उभे होते, रांगेने, एकमेकांना बांधलेले. गुजरातचे, कर्नाटकचे, आपल्याकडचेही. हवा बिघडली की विजयदुर्ग आणि देवगडच्या बंदरात हे लांबलांबचे लोक आसऱ्याला येतात. एका ट्रॉलरवर एक पोरगा पावसातच कपडे धूत होता, दुसऱ्यावर ताडपत्रीखाली चूल पेटलेली. वाघोटणच्या खाडीच्या तोंडाला वाळूचा दांडा आडवा येत नाही, पाणी खोल आहे आणि नैऋत्येचा वारा डोंगराच्या आड अडतो. ऐन पावसात मोठं जहाज सुखरूप आत घेता येईल अशी बंदरं या किनाऱ्यावर फार थोडी, त्यांतलं हे एक. किल्ला इथे का, याचं उत्तर मी इतकी वर्षं तोफांच्या माऱ्यात शोधत होते. ते खाली कपडे धूत होतं.

मी अण्णांना १७५५ ची गोष्ट सांगितली. पेशवे आणि इंग्रज एक होऊन तुळाजी आंग्र्यांवर उठले. कमोडोर जेम्सने एप्रिलच्या सुरुवातीला सुवर्णदुर्ग घेतला, पाठोपाठ बाणकोट. लगोलग विजयदुर्गावर यायचं तर पाऊस तोंडावर. इंग्रजांची जहाजं मुंबईला परत गेली. पुढे अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह मोठं आरमार घेऊन इथे आले ते थेट फेब्रुवारीत. मधे दहा महिने गेले. सुवर्णदुर्गाची बातमी कळलेली, पुढची पाळी आपली हे ठाऊक, आणि बाहेर चार महिने पावसाची भिंत. त्या पावसाळ्यात या तटाच्या आत काय चाललं असेल? दारू कोरडी ठेवायची, धान्य भिजू द्यायचं नाही, टाकी भरून घ्यायची, गलबतं ओढून घ्यायची. ‘आज्ञापत्रा’त आरमाराबद्दलही हेच आहे. पाऊस लागण्याआधी जहाजं छावणीला न्या, किल्ल्याचा आश्रय असलेल्या बंदरात ठेवा, रात्रीचा पहारा ठेवा.

अण्णा ट्रॉलरकडे बघत ऐकत होते. “म्हणजे हा डेपो,” ते म्हणाले. “आठ महिने फेऱ्या मारायच्या, चार महिने गाड्या आत लावून मेंटेनन्स. आणि तुम्ही लोक नुसत्या अपघातांचा इतिहास वाचता.”

मला काही बोलायला जागाच राहिली नाही. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि ते एकही लढाईबद्दल नव्हते. शिडाचं कापड पावसात कुठे ठेवत असतील, बुरशी येत असेल ना? दोरखंड काथ्याचे की तागाचे? खलाशांना चार महिन्यांचा पगार मिळायचा की घरी पाठवायचे भात लावायला? आणि वर्कशॉप कुठे होतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं. खाडीत आत आंग्र्यांची गोदी आहे, खडक खोदून केलेली. भरतीला गलबत आत घ्यायचं, पाणी गेलं की ते उघडं पडतं, मग तळाच्या फळ्या बदला, फटी बुजवा. “येताना गेलो की आपण तिच्या अंगावरून! सांगायचं नाही?” अण्णा खरोखर चिडले. किल्ला त्यांना ठीक वाटला होता. वर्कशॉप चुकलं याचं दुःख मात्र परतीच्या वाटेवर राजापूरपर्यंत पुरलं.

तुळाजीच्या आरमाराचं पुढे काय झालं ते मी खालच्या आवाजात सांगितलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये आंग्र्यांची जहाजं याच खाडीत एकमेकांना बांधून उभी होती. इंग्रजांचा एक गोळा त्यांच्याकडूनच पूर्वी जिंकून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पडला, आग लागली आणि एकाची दुसऱ्याला लागत गेली. दिवस मावळेपर्यंत आरमार संपलं होतं. इंग्रजांनी किल्ला घेतला, सोडायला काही महिने खळखळ केली आणि अखेर त्याच वर्षी तहात बाणकोट पदरात पाडून घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना दिला. कोरडा महिना होता. पाऊस असता तर एवढी आग लागली नसती, हा माझा भाबडा विचार. पाऊस असता तर इंग्रज आलेच नसते.

तटाच्या एका भागात दगड ढासळलेला दिसला, खाली चिऱ्यांचा ढीग. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरीही आहे. आनंदच आहे. आता कोरड्या महिन्यांत गर्दी वाढेल, पाट्या लागतील, कार्यक्रम होतील. वारसा खरा ढासळतो तो आषाढ-श्रावणात, जेव्हा बघायला कुणी नसतं. माझं एवढंच म्हणणं आहे की तटावरचा पिंपळ काढायला चार माणसं मे महिन्यात पाठवली आणि कुठून पाणी कोंडतंय ते बघायला एखादा जाणता गवंडी जुलैमध्ये, तर ते सोहळ्यापेक्षा स्वस्त पडेल.

उतरताना ‘साहेबाचे ओटे’ बघितले. किल्ल्यातले हे चौथरे, आता गवतात. मग अंधार पडायच्या आत अण्णांचा उपास सोडायला स्टँडजवळच्या एका खाणावळीत शिरलो. श्रावण, त्यामुळे मासे नाहीत; भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूचं फदफदं आणि गरम आंबोळ्या. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, “साहेबाचे ओटे बघितलात? सूर्यावरच्या हेलियमचा शोध तिथनं लागला. अठरा ऑगस्ट. दरवर्षी कार्यक्रम असतो.”

ही गोष्ट गावात कुणीही सांगतं आणि ती तशी घडलेली नाही. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं हे खरं. ते जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ त्या वेळी इंग्लंडात होता आणि त्यानं ग्रहणाशिवायच, तिथूनच, ऑक्टोबरमध्ये सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचा वर्णपट मिळवला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचं नाव आलं. लॉकियर विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दुर्बिणी किल्ल्यात मांडल्या आणि त्यांच्यावर कामाला ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी लावले. तोवर रॅमसे या रसायनशास्त्रज्ञानं पृथ्वीवरही हेलियम शोधून काढला होता. मला ही खरी गोष्ट जास्त आवडते. ज्या खाडीत इंग्रज आरमार जाळायला आले, तिथेच दीडशे वर्षांच्या आत त्यांचे नौसैनिक आकाशाकडे यंत्रं रोखून सेकंद मोजत उभे राहिले. पण जेवायला वाढणाऱ्या बाईशी वाद घालायचा नाही एवढं मला कळतं. मी गप्प बसले.

अण्णा नाही बसले. त्यांनी आंबोळी मोडली, दाराबाहेर बघितलं. पागोळ्यांच्या पडद्यापलीकडे रस्ता दिसत नव्हता.

“अठरा ऑगस्टला?” ते म्हणाले. “विजयदुर्गात? मी इथे इतके पावसाळे वस्तीला आलो, ऑगस्टात सूर्य कुणाला दिसलेला मला तरी ठाऊक नाय.”

मावशींनी सांबाऱ्याची वाटी पुन्हा भरली. “म्हणून तर शोध लागला ना, भाऊ. सगळ्यांना दिसला असता तर शोध कसला?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे. मग त्यांनी आणखी एक आंबोळी मागितली.